इतिवृत्त

रात्रीचे पावणेअकरा. ऐरोली, सेक्टर आठ.
सिडकोनं बांधलेली, आम्ही वाढवलेली इमारत
आणि मी तिची मानद चिटणीस.
मानद म्हणजे चहासुद्धा पदरचा.
सभेचं रेकॉर्डिंग एक तास सदतीस मिनिटांचं.
उद्या सकाळी इतिवृत्त फलकावर लागलं पाहिजे,
नाहीतर सी-विंगचे मोकल उपनिबंधकांकडे जातात.
ते तसेही जातात,
पण या वेळी कारण घेऊन जातील.

संगणक शार्दूलचा, बहिणीच्या मुलाचा.
निघताना म्हणाला,
मावशी, लिनक्स टाकून दिलंय, म्हातारं यंत्र आता पळेल.
पळतंय.
फक्त मुकं झालंय.

पडद्यावर रेघ पुढे सरकते,
हिरवे खांब उठतात, बसतात,
म्हणजे आत कुणीतरी बोलतंय, तावातावानं,
आणि टेबलावरचे दोन स्पीकर
रुसलेल्या व्याह्यांसारखे
एकमेकांकडे पाठ फिरवून गप्प.
वायर हलवली. फुंकर मारली.
सेटिंगमध्ये गेले तेव्हा कळलं,
सगळा आवाज एचडीएमआयच्या वाटेनं
मॉनिटरकडे जातोय.
मॉनिटरला तोंडच नाही.
वाट बदलली, अ‍ॅनालॉग केली.
तरी नाही.

शार्दूलला फोन. हैदराबादेत त्याची रात्रपाळी.
काळी खिडकी उघड, म्हणाला, टाइप कर अल्सामिक्सर.
ए-एल-एस-ए, मावशी. एल आधी नाही.
उंच नळकांडी उभी राहिली
गच्चीवरच्या टाक्यांसारखी, काही भरलेली, काही कोरडी,
आणि एकीच्या बुडाशी दोन अक्षरं, एम एम.
म्हणजे तोंड दाबलंय, तो म्हणाला.
मी वाचलं, मंमं.
हा रांगायचा तेव्हा तेवढंच म्हणायचा,
पाण्याला तेच, भाताला तेच.
एम दाबलं. दोन शून्यं आली.
शून्य म्हणजे सगळं ठीक.
आमच्या खजिनदारांना हे पटेल.

तरी नाही.

पुढच्या भोकात काही अडकलंय का बघ, म्हणाला, जरा चाचरत.
टॉर्च मारला. खोल आत चकाकलं,
त्याच्याच इअरफोनचं मोडकं टोक.
निघायच्या आदल्या रात्री मोडलेलं. बोलला नव्हता.
यंत्राला अजून वाटतंय
कुणीतरी कानात घालून बसलंय,
बाहेर आवाज कशाला करा.
चिमट्यानं निघेना.
राहू दे, म्हणाला, ऑटो-म्यूट बंद कर,
मग आत कुणी असो-नसो, बाहेर बोलेल.

चाचणी लावली. एक बाई म्हणाली, फ्रंट लेफ्ट.
थोडं थांबून पलीकडून, फ्रंट राइट.
दिघ्याला जाताना मी रिक्षावाल्याला सांगते
अगदी त्या सुरात.
आला! मी ओरडले. त्यानं फोन ठेवला.

रेकॉर्डिंग लावलं.
काही नाही.

पुन्हा वाट बघितली, शून्यं बघितली.
खांब जेमतेम हलत होते.
घुंडी पार टोकाला पिळली, कान स्पीकरला लावला.
तेव्हा पंखा ऐकू आला, आमच्या कार्यालयाचा,
दर फेरीला टक् करणारा.
एक खुर्ची.
कुणाचं पोर, आणि त्याला दटावणारं श्श.
मोबाइल उशिरा सुरू केला होता मी.
हळूहळू ध्यानात आलं,
आम्ही सगळे उभे होतो.
तळमजल्यावरचे परशुराम धुरी.
पहाटे सव्वापाचला पंप लावून
जिन्यात ओरडायचे, पाणी आलंय, भरा!
आणि अख्खी डी-विंग त्यांच्या नावानं बोटं मोडत
बादल्या लावायची.

मोजलं. अठ्ठेचाळीस सेकंद.
मग अध्यक्ष खाकरले, बसा मंडळी,
आणि दोन्ही स्पीकर फाटेस्तोवर मोकल,
आता पंपाची चावी कुणाकडे राहणार?

घाईनं घुंडी खाली आणली.
वरच्या मजल्यावर दिवा लागला.
रेघ मागे नेऊन तेवढा तुकडा पुन्हा ऐकला,
हळू आवाजात.
मग टाइप केलं:
सभेने दोन मिनिटे स्तब्ध उभे राहून
श्रद्धांजली वाहिली.